मदत हवी आहे: हिमालयन ४११ची उंची कमी करायची आहे, दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत

सागरवाट

नमस्कार मंडळी. माझी उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो. गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, बीएस ६, सेकंडहँड, गेल्या दिवाळीत घेतली. कागदावर सीटची उंची ८०० मिमी आणि गाडीचं वजन १९९ किलो. बूट घालून बसले की दोन्ही चवडे टेकतात, टाचा अधांतरी राहतात. किती ते काल नीट मोजलं. मी गाडीवर ताठ बसले आणि आई माझ्या टाचांखाली जुन्या वह्या एकेक करून सारत गेली, टाच वहीला लागेपर्यंत. थप्पी सात सेंटीमीटर भरली.

चवडे टेकले की पुरे, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलंय आणि पुष्कळांना तेवढं पुरतंही. माझी अडचण वेगळी आहे. तीन वर्षांपूर्वी डावा घोटा मोडला, आत प्लेट आहे. पाऊल सपाट असलं तर तो घोटा हवा तेवढा भार घेतो, पण चवड्यावर उभं राहिलं की आत मुडपतो. आणि गाडी थांबवताना उजवा पाय ब्रेकवर असतो, म्हणजे भार पडतो तो डाव्यावरच.

ऑगस्टमध्ये ताम्हिणीत हेच झालं. वळणावर समोरून एसटी आली, मी डावीकडे घेऊन थांबले. कडेला रस्ता उतरता, त्यावर शेवाळ. पाय खाली सोडला तर जमीन लागेना. लागली तेव्हा चवडा लागला आणि गाडी कलली. मी सोडून दिली, क्रॅश गार्डवर पडली. एसटीच्या कंडक्टरांनी उतरून उचलायला हात दिला. गाडीला ओरखडा सोडून काही झालं नाही, पण त्या दिवसापासून प्रत्येक सिग्नलला माझं लक्ष रस्त्याऐवजी डाव्या पायाकडे असतं.

जानेवारीत रेवसहून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत जायचंय, एकटीने. वाटेत चार ठिकाणी जंगल जेट्टी (खाडीपार गाड्या नेणारी बोट) आहे: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. उतारावरून लोखंडी फळीवर चढायचं, ओल्या पत्र्यावर थांबायचं, मागून जीप येत असते. तिथे मला पाय हवेत.

एका गॅरेजमध्ये विचारलं तर मागच्या शॉकअपची स्प्रिंग दोन वेढे कापून देतो म्हणाले. दुसरीकडे कोणी लोअरिंग लिंक (मागच्या शॉकअपच्या जोडणीतल्या लांब पट्ट्या) सुचवली. करणं सुरक्षित आहे का, किती खाली घेता येईल, आणि नंतर घाटात, खड्ड्यांत काय त्रास होतो? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा. गाडी बदलायची नाही. ही मला फार आवडते.

रानजाई

ताई, घोट्याचं वाचून वाईट वाटलं. माझी उंची ५ फूट २, माझ्याकडेही हीच गाडी, पाच वर्षं. मी काही खाली घेतलेलं नाही, एका पायावर थांबते: थांबायच्या आधीच ढुंगण डावीकडे सरकवायचं, हँडल सरळ ठेवायचं, पुढचा ब्रेक शेवटच्या क्षणी सोडून द्यायचा. असं केलं की डावा तळवा पूर्ण टेकतो. तुमच्या घोट्याला हे कितपत मानवेल सांगता येत नाही, पण घरासमोर करून बघा.

अजून एक. आपण डावीकडून चालवतो आणि बहुतेक रस्ते डाव्या कडेला उतरते असतात. म्हणजे डावा पाय जिथे टाकायचा तिथेच जमीन आणखी खाली. अगदी कडेला जाऊन थांबू नका, डांबर सपाट आहे तिथेच थांबा, मागचा हॉर्न वाजवला तर वाजवू द्या.

पान्हा

स्प्रिंग कापू नका. हे आधी लिहून टाकतो, बाकीचं नंतर.

वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते आणि आखूडही. कापलेलं टोक सपाट बसत नाही, त्यामुळे ती शॉकअपच्या वाटीत एका बाजूला रेलते. खड्ड्यात चाक पूर्ण खाली सुटलं की सैल होऊन जागेवरून फिरू शकते. १९९ किलोची गाडी, वर सामान, खाली वरंध घाटासारखा रस्ता. तिथे हा खेळ नको.

आता लिंक. हिमालयन ४११ला मागे एकच शॉकअप आहे आणि तो थेट स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) नाही, मधे लिंकेज, म्हणजे पट्ट्यांची जोडणी आहे. त्यातल्या पट्ट्या जरा लांब केल्या की मागची बाजू खाली येते. पट्टीतला काही मिलिमीटरचा फरक चाकापाशी त्याच्या कितीतरी पट होतो, म्हणून ही पट्टी कुठल्याही लेथवाल्याकडून अंदाजाने करून घेऊ नका. दोन्ही पट्ट्यांची भोकं तंतोतंत एका अंतरावर हवीत, नाहीतर बेअरिंग एका बाजूने खातं.

पण ताई, लिंक हा शेवटचा उपाय. आधी तीन गोष्टी मला सांगा. सीटचा फोम पुढच्या बाजूला किती जाड आहे? तुम्ही बसल्यावर मागची बाजू किती दबते? आणि मेन स्टँडवर गाडी तुम्हाला एकटीला लावता येते का?

सागरवाट

पान्हादादा, खूप आभार. उत्तरं अशी:

सीट काढून सुई टोचून पाहिलं, टाकीजवळ फोम साधारण ७० मिमी आहे. मेन स्टँडवर लावता येते, पण सगळं वजन टाकून. दबण्याचं मोजलं. मागचं चाक अधांतरी असताना चाकाच्या आसापासून कॅरिअरच्या एका बोल्टपर्यंतचं अंतर घेतलं, मग रायडिंगचं जॅकेट, बूट घालून बसल्यावर भावाने पुन्हा घेतलं. फरक ३६ मिमी आला. तीनदा मोजलं, ३५ ते ३७ मध्येच येतं.

रानजाईताई, ढुंगण सरकवायचं करून पाहिलं. सपाट जागी जमतं. पण थांबलेल्या गाडीला मागून कोणी जरा धक्का दिला (भावाला द्यायला सांगितला होता) की घोटा लगेच दुखतो. मला दोन्ही पाय हवेतच असं वाटतं.

पान्हा

छान मोजलंत. आता बघा, मागच्या चाकाला १८० मिमी प्रवास आहे, म्हणजे ते तेवढं वर-खाली होऊ शकतं. चालक बसल्यावर त्याचा साधारण ३० टक्के भाग दबलेला असावा, म्हणजे ५० ते ५५ मिमी. तुमचा ३६च दबतोय, कारण गाडी तुमच्यापेक्षा बऱ्याच जड माणसासाठी आवळलेली आहे. आधीचा मालक वजनदार असणार किंवा मागे माणूस बसवत असणार. शॉकअपची प्रीलोडची रिंग (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी) सी-पान्ह्याने सैल करा, ५० येईपर्यंत. फुकटात १४ मिमी खाली आलात, आणि गाडी तुमच्या अंगाला जास्त मऊ चालेल.

पुढची शंका तुम्हाला येईल म्हणून आत्ताच लिहितो. सामान बांधलं की काय? सामान बांधल्यावर पुन्हा मोजायचं आणि तेवढीच रिंग आवळायची, दबणं परत ५०वर आणायचं. उंची तीच राहते, पाय तेवढेच टेकतात. लोक रिंग सैल करून तशीच सामानासकट नेतात, मग प्रत्येक खड्ड्याला मागची बाजू तळाला आपटते आणि दोष गाडीला देतात.

मुलुखगिरी

सीटबद्दल मी लिहितो, माझ्या बायकोच्या गाडीचं नुकतंच केलंय.

लोक फक्त जाडी बघतात, रुंदी बघत नाहीत. मांड्यांच्या मधे सीट जितकी रुंद, तितके पाय फाकतात आणि तितके आखूड पडतात. गादीवाल्याला सांगा की पुढचा भाग दोन्ही बाजूंनी तासून निमुळता कर. वरून २५ मिमीपेक्षा जास्त काढू नका, खाली निदान ४० ते ४५ फोम राहायला हवा, नाहीतर तासाभरात प्लास्टिकचा तळ टोचायला लागतो. वरचा उतार पुढे टाकीकडे ठेवू नका, सपाट ठेवा. आमचा पहिल्यांदा उतरता झाला होता, ब्रेक मारला की ती टाकीवर सरकायची. तो फोम पुन्हा चिकटवून भरावा लागला.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कव्हर लगेच शिवू देऊ नका. तासलेल्या फोमवर जाड प्लास्टिक गुंडाळून चार-पाच दिवस चालवा, कुठे टोचतंय ते खडूने खूण करा, पुन्हा तासा, मग रेग्झिन शिवा. शिलाईच्या भोकांतून पाणी आत जातं, म्हणून रेग्झिनखाली पातळ प्लास्टिकचा थर घालायला सांगा. कोकणात जाताय तर हे हवंच.

सागरवाट

तीन आठवड्यांनी लिहितेय, क्षमस्व. करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

गादीवाल्याकडे स्वतः दोन तास बसले. त्यांनी आधी मला गाडीवर बसवून मांडीच्या आतल्या बाजूने खडूची रेघ मारली, मग लांब पात्याने फोम कागदासारखा पातळ-पातळ सोलून काढला. सोललं की बसायचं, उतरायचं, पुन्हा सोलायचं. सहा वेळा. शेवटी वरून २५ मिमी गेला आणि दोन्ही कडा निमुळत्या झाल्या. प्लास्टिक गुंडाळून मुळशीपर्यंत जाऊन आले, डाव्या बाजूला एक धार टोचत होती, ती काढून घेतली.

प्रीलोड सैल करून दबणं ५१वर आणलं.

आता वह्यांची थप्पी दोन सेंटीमीटरला दोन-तीन कागद जास्त. सातवरून! सपाट रस्त्यावर खूप फरक पडलाय. पण उताराच्या जागी डावी टाच अजून सुटते. हे दोन सेंटीमीटर लिंकने घ्यावेत का? पान्हादादा, प्रामाणिकपणे सांगा.

पान्हा

तुमच्या घोट्याची गोष्ट नसती तर इथेच थांबा म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत २० मिमी घ्या, पण त्याहून एक मिमी जास्त नाही. आणि एकट्या मागच्या बाजूने घेऊ नका.

मागची बाजू एकटीच खाली आली की पुढचा शॉकअप जास्त तिरपा होतो, हँडल जड होतं, वळायला गाडी कुरकुरते, पुढच्या चाकावरचा भार घटतो. हेडलाइट वर बघायला लागतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो. म्हणून पुढचे दोन्ही शॉकअप हँडलच्या टीमधून (पुढचे पाइप धरून ठेवणाऱ्या पकडीतून) तेवढेच वर सरकवायचे. हिमालयनमध्ये पुढचे पाइप ४१ मिमीचे साधे आहेत, वरच्या आणि खालच्या टीचे बोल्ट ढिले करून सरकतात. इंजिनखाली आधार दिल्याशिवाय ढिले करू नका, गाडी नाकावर बसेल. दोन्हीकडचं बाहेर आलेलं टोक कॅलिपरने मोजून सारखं करा. मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा: पाइपची टोकं, वायरी, केबल, मीटर, कशालाच काही अडू नये.

पुढच्या चाकाला २०० मिमी प्रवास आहे. सरकवल्यावर, चाक लटकत असताना, टायर आणि खालचा मडगार्ड यांच्यापासून वरच्या चोचीपर्यंत आणि ऑइल कूलरपर्यंत सगळीकडे २००पेक्षा जास्त जागा उरते का ते टेपने मोजा. नाही उरली तर मोठ्या खड्ड्यात चाक वर जाऊन आपटेल. मागेही तसंच, टायर आणि आतला मडगार्ड.

चेन नंतर नक्की तपासा. स्विंगआर्म आडवा व्हायला लागला की चेन ताणली जाते. आधी ठेवलेली ढील आता कमी पडेल. गाडीवर माणूस बसवून बघायची.

लिंकच्या सुया असलेल्या बेअरिंगला ग्रीस भरूनच बसवायला सांगा. पावसात चाललेल्या गाडीत ती बहुधा कोरडी ठणठणीत निघतात.

घाटवाट

एक मुद्दा कोणी लिहिला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सीट तासणं आणि प्रीलोड फिरवणं यात कोणी हरकत घेणार नाही, प्रीलोड तर फिरवायलाच दिलेला असतो. लिंकचा मात्र विमा कंपनीला आधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मूळ पट्ट्या फेकू नका, तेल लावून कापडात गुंडाळून ठेवा.

ग्राउंड क्लिअरन्स मूळचा २२० मिमी आहे. २० गेला तरी २०० उरतो, कोकणातल्या रस्त्यांना भरपूर. पुढे कधी स्पितीला वगैरे जाल तेव्हा दगडांवरून जपून.

रानजाई

आणि साइड स्टँड! माझ्या मैत्रिणीने गाडी खाली घेतली, स्टँड तोच ठेवला. गाडी इतकी सरळ उभी राहायची की भाजी घेऊन येईपर्यंत वाऱ्याने पलीकडे पडली होती, शेजारच्या स्कूटीवर.

सागरवाट

रानजाईताई, बरं झालं लिहिलंत. स्टँड किती कापायचा ते कसं ठरवायचं?

पान्हा

कापायच्या आधी दोन्ही चाकांखाली फळ्या सारा आणि स्टँड जमिनीवरच ठेवा. गाडीचा झोक पहिल्यासारखा झाला की फळीची जाडी मोजा, साधारण तेवढाच स्टँड कमी करायचा. थोडा कमीच कापा, पुन्हा कापता येतं. मधला तुकडा काढून वेल्डिंग करायचं, खालची पट्टी आहे त्या कोनात परत जोडायची. स्टँडला स्विच असेल तर वेल्डिंगआधी काढून ठेवायचा, बॅटरीची वायरही सोडायची.

मेन स्टँड आता जास्त जड जाईल, कारण तो गाडीला आधीपेक्षा २० मिमी जास्त उचलणार. मागचं चाक तेवढ्याच जाडीच्या फळीवर चढवा आणि मग स्टँड मारा, पूर्वीसारखा लागेल. फळीचा एक तुकडा सामानात ठेवा.

सागरवाट

जाऊन आले. नऊ दिवस, रेवस ते मालवण आणि परत.

विमा कंपनीचं लेखी उत्तर आल्यावरच लिंक बसवली, पुढचे शॉकअप २० मिमी वर घेतले. जुन्या लिंकची बेअरिंग पान्हादादा म्हणाले तशी कोरडी होती, एक गंजून अडकलं होतं, ते बदललं. चेनची ढील खरंच जवळजवळ संपली होती. हेडलाइट भिंतीवर बघून खाली केला. घरी बूट घालून बसले आणि आईने एक वही सारून पाहिली. गेली नाही.

पहिल्या दिवशी वळणं घेताना गाडी निराळी वाटली, जरा बसकी. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनच्या पुढे जाईपर्यंत सवय झाली. तळाला दोनदा घासली, दोन्ही वेळा गावातल्या उंच गतिरोधकांवर, सामान होतं तेव्हा. दिवेआगरला रिंग थोडी आणखी आवळली, मग नाही घासली.

दाभोळची जेट्टी मला कायम लक्षात राहील. ओहोटी होती, उतार एरवीपेक्षा जास्त, लोखंडी फळीवर चिखल आणि मासळीच्या टोपल्यांतून सांडलेलं पाणी. चढले आणि लगेच पुढच्या रिक्षामागे थांबावं लागलं, पुढचं चाक पत्र्यावर, मागचं अजून फळीवर. दोन्ही बूट टाचेसकट खाली टेकले. मागे खरोखरच एक जीप होती. बोटीवरच्या काकांनी हात करून पुढे घ्यायला सांगितलं, मी पायांनी ढकलत ढकलत गाडी रेलिंगला नेऊन लावली, गिअरमध्ये ठेवली, उतरले. धोपावे येईपर्यंत तशीच गाडीला हात लावून उभी होते.

पान्हादादा, रानजाईताई, मुलुखगिरी, घाटवाट, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. हे तुमच्यामुळे झालं.

नवी_वाट

ताई, पूर्ण धागा वाचला. माझी उंची ४ फूट ११. मीटिओर ३५० घेतलीय, सीट ७६५ मिमी, तरी टाचा वर राहतात. मीही लिंक टाकू का?

सागरवाट

मीटिओरला मागे दोन बाजूंना दोन शॉकअप आहेत, लिंकेज नाही, त्यामुळे लिंकचा प्रश्नच नाही. आणि आखूड शॉकअप कोणी लगेच गळ्यात मारत असेल तर थांब. तुझी गाडी मुळात बरीच खाली आहे, माझा अंदाज की ती सीटच्या रुंदीवर अडतेय. बूट घालून बस, पाठ ताठ, दोन्ही हात हँडलवर, आणि कोणालातरी टाचांखाली वह्या सारायला सांग. मग प्रीलोड कितीवर आहे ते बघ. दोन्ही आकडे इथे लिही, आपण सगळे मिळून बघू.